नर पिल्लाच्या पोटातलं गर्भाशय

मिनिएचर श्नॉझर ही उंदीर मारण्यासाठी जर्मनीत तयार झालेली दाढीवाली जात. आता ती पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही रुळली आहे. या जातीतल्या काही नरांच्या पोटात गर्भाशय असतं. दवाखान्यात हे सांगितलं की मालकांचा आधी विश्वासच बसत नाही. पण हा आनुवंशिक दोष एका साध्या टेस्टने पुढच्या पिढीत टाळता येतो. प्रॅक्टिसमध्ये त्याबद्दल जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. आधी हे घडतं कसं ते समजून घ्या.
गर्भात असताना नर-मादी दोघांतही म्युलेरियन नलिका असतात. मादीत त्यांचं गर्भाशय होतं. नरात वृषण एक संप्रेरक सोडतात आणि त्या नलिका विरून जातात. बाधित श्नॉझरमध्ये संप्रेरक तयार होतं, पण ते ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो. हाक मारली जाते, ऐकायला कान नसतो. नलिका राहतात, त्यांचं गर्भाशय बनतं आणि वृषण त्याच्या शिंगांच्या टोकांना चिकटलेले सापडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विकी मेयर्स-वॉलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचं मूळ दाखवून दिलं. एएमएचआर२ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे रिसेप्टरचं प्रथिन अपुरं राहतं. टेस्ट शोधते ते हेच अक्षर.

२. दोन्ही वृषण जागेवर आहेत, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.
सुमारे निम्म्या बाधित नरांत एक किंवा दोन्ही वृषण खाली उतरत नाहीत. सहा महिन्यांच्या पिल्लाची एक गोटी जागेवर नसेल, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत थांबू नका, सोनोग्राफी करून घ्या. पोटात राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सर्टोली पेशींची गाठ असेल तर ती इस्ट्रोजेन सोडू शकते. मग केस गळतात, नराची स्तनाग्रं सुजतात, हाडांच्या मज्जेतली रक्तनिर्मितीही मंदावू शकते. गर्भाशयाची वाट प्रोस्टेटपाशी मूत्रमार्गाच्या बाजूला येते. त्यामुळे लघवीचा संसर्ग वर चढतो आणि नराला पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, होऊ शकतो. लघवीला त्रास होतो, पोट दुखतं, आणि सगळे प्रोस्टेटवरच औषध देत बसतात.

तरीही मला जास्त काळजी उरलेल्या निम्म्यांची वाटते. दोन्ही वृषण खाली, तब्येत उत्तम, देखणा. असा नर पिल्लं देऊ शकतो, आणि त्याच्या प्रत्येक पिल्लाला सदोष जनुकाची एक प्रत मिळते.

३. मादीची टेस्ट आधी करा.
बाधा व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. दोन वाहकांचं, म्हणजे एकच सदोष प्रत असलेल्यांचं, मेटिंग केलं, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती मिळतात. त्यात मादी असेल तर तिला काहीच होत नाही, कारण गर्भाशय तिला असायचंच असतं. म्हणजे आजार उघड होतो तो सरासरी आठांतल्या एकाच पिल्लात. एका वेतात चार-पाच पिल्लं धरली, तर कित्येक वेतांत एकही बाधित नर निघणार नाही. ‘डॉक्टर, आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही,’ असं सांगणारा ब्रीडर खोटं बोलत असतो असं मी मानत नाही. त्याला ते दिसलेलंच नसतं. दोन्ही प्रती असलेली मादी आयुष्यभर ठणठणीत राहते, नीट विते आणि प्रत्येक पिल्लाला दोष देऊन जाते. तिला ओळखायला टेस्टखेरीज दुसरा मार्गच नाही.

४. वाहक कुत्र्याला बाद करू नका.
रिपोर्टवर ‘कॅरियर’ वाचलं की काही जण त्या कुत्र्याला लगेच ब्रीडिंगमधून काढतात. मला हे पटत नाही. वाहक आणि निर्दोष अशी जोडी लावली, तर एकही पिल्लू बाधित होत नाही. सरासरी निम्मी वाहक निघतात, निम्मी निर्दोष. चांगल्या स्वभावाची, निरोगी डोळ्यांची वाहक मादी ठेवावी आणि तिच्या निर्दोष पिल्लांतून पुढची पिढी निवडावी. आधीच मोजकी कुत्री असलेल्या जातीतून सगळे वाहक एकदम काढले, तर उरलेल्यांत नात्यातली मेटिंग वाढतात आणि दुसरेच आजार वर येतात.

५. स्वॅब घाईत घेऊ नका.
नुकतंच आईला प्यायलेल्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असू शकतात. पिल्लाला आधी काही वेळ आईपासून आणि भावंडांपासून वेगळं ठेवावं, मग गालाच्या आतून स्वॅब फिरवावा. नमुन्यावर मायक्रोचिपचा नंबर लिहावा. ‘काळा नर’ एवढंच लिहिलं, तर त्या रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

६. कुठली टेस्ट केली, ते विचारा.
केनेल क्लबच्या पेपर्सवर वंशावळ असते. पेपर्स आहेत म्हणजे जनुकं तपासली आहेत असं नाही. आणि ही टेस्ट एका अक्षरापुरतीच आहे. वृषण न उतरण्याची इतर कारणं तिच्यात कळत नाहीत. अमेरिकन कॉकर स्पॅनियलमध्ये तर मादीची गुणसूत्रं असूनही वृषणाची ऊती तयार होण्याचा वेगळाच दोष आढळतो. तिथे श्नॉझरची टेस्ट कामाची नाही.

७. बाधित नर घरात असेल तर घाबरू नका.
त्याला ब्रीडिंगला वापरू नका आणि योग्य वेळी ऑपरेशन करून घ्या. मात्र सर्जनला आधी सांगा, कारण नेहमीच्या नसबंदीत पोट उघडत नाहीत. इथे वृषणांसोबत गर्भाशयही काढावं लागतं. ते वेळेवर काढलं, तर गाठीची आणि पायोमेट्राची भीती जाते आणि कुत्रं इतरांसारखंच जगतं. त्याच्या आई-वडिलांच्या ब्रीडरलाही कळवा. पुढचं मेटिंग ठरण्याआधी त्याच्या हातात हा रिपोर्ट असायला हवा.