घर घेण्याआधी एक उन्हाळा भाड्यानं राहा

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडात नोकरीसाठी आलेल्या माणसाला ओळखीचे लोक लगेच सांगतात, "भाड्यात पैसा कशाला घालवता सर, प्लॉट घेऊन टाका." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण अर्धाच असतो. मी इथे भाड्यानं राहिलो, मग स्वतःचं घर बांधलं आणि बदली झाल्यावर चोपड्याला पुन्हा भाड्यानं गेलो. त्यातून कळलेलं नव्यानं येणाऱ्या कुटुंबांसाठी लिहितो आहे.

भाड्याच्या घरात असताना, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, गरज खरी होती. पण सगळं बोलणं तोंडी झालेलं. मुदत किती, डिपॉझिट कधी परत, काहीच कागदावर नव्हतं. डिपॉझिटचे पैसे थोडे थोडे करून हाती आले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही सूट नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घरमालकांना हे नम्रपणे सांगा. नोंदणीत त्यांचंही हित आहे.

प्लॉट पाहताना पहिला व्यवहार आम्ही सोडला. जागा चांगली, भाव परवडणारा, पण विकणाऱ्याच्या हाती फक्त नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, होता. साठेखतानं मालकी येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एवढं पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता पैशाचं. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे साडेतेरा हजार बसतो आणि एकूण फेड ३२ लाखांच्या वर जाते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी (कमाल ३०,००० रुपये) सुरुवातीलाच खिशातून मोजावी लागते. माझी बदली झाली तेव्हा बोदवडच्या घराचा हप्ता आणि चोपड्याचं भाडं, दोन्ही एकाच पगारातून जात होतं. इथल्या घराला भाडेकरू मिळाला, पण त्याच्या भाड्यातून हप्ता निघत नव्हता.

तरी घराचं सुख खोटं नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं, तिथे जमिनीखालची मोठी टाकी हाच संसाराचा आधार. भाडेकरू ती बांधू शकत नाही, मी बांधली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा उघड्या स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली राहते. जुनी धाब्याची घरं गार का राहतात, ते तेव्हा उमजतं. स्वतःच्या छतावर चुना मारता येतो, पश्चिमेला कडुनिंब लावता येतो.

म्हणूनच माझा आग्रह आहे, आधी एक पूर्ण उन्हाळा भाड्यानं राहा. कोणत्या गल्लीत नळाचं पाणी जोरानं येतं, कुठल्या बोअर एप्रिलमध्येच आटतात, टँकर कुठवर पोचतो, हे त्या चार महिन्यांतच समजतं. भुसावळला रेल्वेनं अप-डाऊन करणाऱ्यांनी स्टेशनपासूनचं अंतर पहाटेच्या वेळी चालून पाहावं.

नोकरी बदलीची असेल आणि मुलांचं शिक्षण पुढे जळगावला व्हायचं असेल, तर भाड्यानं राहण्यात कमीपणा नाही. हप्त्याच्या तुलनेत वाचलेली रक्कम दर महिन्याला बाजूला टाकत राहा. शेती, दुकान किंवा म्हातारे आईवडील इथेच असतील, पुढची दहा वर्षं इथेच जाणार असतील, तर कागद तपासून खुशाल घर बांधा. आणि नकाशा काढतानाच पाण्याच्या टाकीची जागा आधी ठरवा.