सोबतीचे पाचारण

शास्त्रपाठ : उत्पत्ती १२:१०-२०, प्रेषितांची कृत्ये १८:१-४ व १८-२६, १ करिंथ ९:१-६



परदेशी नोकरीला निघालेल्यांसाठी निरोपाची प्रार्थनासभा घेणे हे आता आपल्या पुष्कळ मंडळ्यांत नित्याचे झाले आहे. अशाच एका सभेत वचन देण्याची पाळी माझ्यावर आली होती. आमच्या मंडळीतील एक परिचारिका भगिनी आखाती देशातील एका रुग्णालयात तीन वर्षांच्या करारावर निघाली होती. तिचा पती येथील नोकरीचा राजीनामा देऊन, दोन लेकरांना घेऊन तिच्याबरोबर जाणार होता. मी अब्राहामाच्या पाचारणावर बोललो. भगिनीच्या धैर्याची वाखाणणी केली आणि तिच्यावर हात ठेवून आम्ही प्रार्थना केली. चहाच्या वेळी तो बंधू माझ्याजवळ आला आणि हसत हसत म्हणाला, "दादा, वचन फार चांगले झाले. तिला देवाने बोलावले हे तुम्ही सांगितले. पण मला कोणी बोलावले, ते कोणी सांगेल का?"

त्याचे हसणे वरवरचे होते, हे मला कळले. उत्तर मात्र मला देता आले नाही. त्या प्रश्नासाठी मी पुन्हा पवित्र शास्त्र उघडले. त्यातून जे हाती आले ते या पाठात आपल्यापुढे ठेवीत आहे.

१. शास्त्रात सोबत जाणारी माणसे

प्रथम साराय. अब्रामाला पाचारण झाले व तो निघाला, हे आपण मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतो. परंतु त्याच अध्यायाच्या शेवटी काय घडले, यावर उपदेश क्वचितच ऐकू येतो. दुष्काळ पडला म्हणून हे कुटुंब मिसर देशात गेले. तेथे आपला जीव वाचावा म्हणून अब्रामाने पत्नीला बहीण म्हणवून घ्यायला लावले आणि ती फारोच्या घरात नेली गेली. परक्या मुलखात विश्वासाच्या बापाने स्वतःला वाचवले, पण त्याची किंमत सोबत आलेल्या बाईने भरली. त्या वेळी तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, पण देवाने तिची दखल घेतली. फारोच्या घरावर पीडा आल्या त्या सारायमुळे, असे सतराव्या वचनात स्पष्ट म्हटले आहे. पुढे सतराव्या अध्यायात देवाने तिला सारा हे नवे नाव दिले आणि तिच्यासाठी वेगळे वचन दिले. जी केवळ 'अब्रामाबरोबर गेली' असे आपण समजतो, तिला देव तिच्या स्वतःच्या नावाने ओळखत होता.

दुसरी व्यक्ती पेत्राची पत्नी. तिचे नाव शास्त्रात नाही. तिच्या आईला ताप आला होता व प्रभूने तो घालवला, एवढे आपल्याला मार्काच्या पहिल्या अध्यायातून कळते. पण १ करिंथ ९:५ येथे पौल लिहितो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ व केफा हे पत्नीला बरोबर घेऊन फिरत असत आणि तसा अधिकार आपल्यालाही आहे. या अध्यायाचा विषय आहे सेवकाच्या पोटापाण्याचा. पौलाच्या म्हणण्याचा अर्थ असा की सेवकाबरोबर आलेल्या पत्नीच्या अन्नवस्त्राचा भारही मंडळीवर आहे. आरंभीच्या मंडळ्या केफासाठी पान वाढत तेव्हा त्याच्या पत्नीसाठीही वाढत. सोबत आलेली व्यक्ती त्यांच्या हिशेबात होती.

तिसरे उदाहरण अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचे. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिले म्हणून हे जोडपे करिंथात आले. तेथून पौलाबरोबर ते इफिसास गेले आणि पुढे पुन्हा रोममध्ये त्यांच्या घरी मंडळी भरत होती. नव्या करारात यांची नावे जेथे येतात तेथे जोडीनेच येतात. कोठे पतीचे नाव आधी, तर कोठे पत्नीचे. धंदा दोघांचा, घर दोघांचे. अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक बरोबर रीतीने समजावून सांगितला तोही दोघांनी. त्यांच्यात कोण कोणाबरोबर गेले, हे सांगता येत नाही. सोबतीचा हा उत्तम नमुना होय.

२. डोरोथी कॅरी

आता एक इतिहास पाहू. तो आपल्या भाषेशी जोडलेला आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली सेरामपूर येथे मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले, १८१० साली मराठीचा कोश आला आणि १८११ साली नवा करार. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेल्या या श्रमांचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते आपण अनेकदा बोलून दाखवतो. पण त्याच वर्षांत त्यांच्या घरात काय चालले होते, हे आपण सहसा बोलत नाही.

डोरोथी प्लॅकेट ही इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पिडिंग्टन खेड्याची मुलगी. १७८१ साली तिचा विवाह झाला, तेव्हा तिला सही करता येत नव्हती. नोंदवहीत तिने फुली काढली. दोन लहान मुली तिने इंग्लंडातच गमावल्या होत्या. १७९३ साली कॅरींचे हिंदुस्थानात जाण्याचे ठरले, तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. तिने येण्यास नकार दिला, म्हणून कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरावे लागले. मध्यंतरी डोरोथी बाळंत झाली होती. कॅरी व त्यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस तिला पुन्हा विचारायला आले, तरी ती नाहीच म्हणाली. मग थॉमस परत फिरले आणि त्यांनी तिला बजावले की न आलीस तर जन्मभर पश्चात्ताप करशील. तेव्हा, धाकटी बहीण कॅथरीन बरोबर येत असेल तर येते, असे तिने कबूल केले. घाईघाईने घर आवरून ती निघाली. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले. तेव्हा तान्हा जाबेझ काही आठवड्यांचाच होता.

पाच महिन्यांच्या प्रवासानंतर ते बंगालला पोहोचले आणि थोड्याच दिवसांत पैसे संपले. आज बांदेल, उद्या माणिकतळा, मग सुंदरबन, अशी बिऱ्हाडे बदलत गेली. डोरोथी व फेलिक्स अतिसाराने महिनोन्महिने आजारी होती. बहिणीने तेथेच एका इंग्रजाशी लग्न केले व डोरोथीचा तोही आधार सुटला. पुढे मालद्याकडील मदनाबाटी येथे कॅरींना निळीच्या कारखान्यावर काम मिळाले. तेथे १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर डोरोथीचे मन ढासळले. पतीवर ती भलते आरोप करू लागली. तिचा कोप अनावर झाला की तिला खोलीत ठेवावे लागे. असे सुमारे बारा वर्षे चालले. ८ डिसेंबर १८०७ रोजी सेरामपुरास तिचा अंत झाला. म्हणजे आपले व्याकरण छापून निघाले, त्या वर्षी ती त्याच घरात त्या स्थितीत होती.

कॅरींना दोषी ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी तिला टाकले नाही. मनाच्या रोगावर त्या काळी औषध नव्हते. परंतु डोरोथीचा पहिला नकार हा विश्वासाचा अभाव होता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिने स्वतःची शक्ती ओळखून उत्तर दिले होते. ते उत्तर ऐकले गेले नाही. भीती घालून मिळवलेला होकार तो होकार नव्हे.

३. मार्गारेट विल्सन

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांची पत्नी मार्गारेट त्यांच्याबरोबर होती. ती शिकलेली होती व या कामाची ओढ तिला स्वतःला होती. आरंभीच दोघे कोकणात बाणकोट व हर्णै येथे राहून मराठी शिकली. नंतर मुंबईस तिने मुलींच्या शाळा काढल्या, त्या चालवल्या आणि लेखनही केले. १९ एप्रिल १८३५ रोजी तिला मृत्यू आला. तिला इथे जेमतेम सहा वर्षे मिळाली.

मार्गारेट बळकट आणि डोरोथी दुबळी, असा निष्कर्ष कृपा करून काढू नये. परक्या हवेने दोघींनाही गाठले. फरक वेगळा आहे. मार्गारेट मनापासून निघाली होती. तिला भाषा शिकायला वेळ मिळाला आणि हातात स्वतःचे काम होते. डोरोथीला यातील एकही गोष्ट मिळाली नाही.

४. आपल्यासाठी बोध

मंडळीने व कुटुंबाने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात असे मला वाटते.

(अ) निघण्यापूर्वी दोघांनाही विचारा, आणि वेगवेगळे विचारा. 'नाही' हे उत्तरही देवापुढे ठेवता येते. अनुवाद २४:५ येथे नवविवाहित पुरुषाला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून पत्नीला सुखी करावे, असा नियम आहे. राष्ट्राच्या गरजेलाही देवाने घराच्या उंबऱ्याशी थांबवले आहे.

(आ) सोबत जाणाऱ्याचा दिवस कसा जाणार, याचा विचार आधी व्हावा. कित्येक देशांत सोबत्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. येथे कमावणारा माणूस तेथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार भिंतींत बसतो. तेथील भाषा, एखादा अभ्यासक्रम, मुलांचे शिक्षण, मंडळीतील एखादी सेवा, यांपैकी काय हाती घेता येईल ते येथेच ठरवावे. विवाहाचा दाखला वेळेवर साक्षांकित करून घ्यावा. दोघांचीही कागदपत्रे व थोडा पैसा ज्याच्या त्याच्या हाती असावा.

(इ) फोन करताल तेव्हा सोबत्याशीही वेगळे बोला. "ती बरी आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. "तुम्ही कसे आहात?" असेही विचारा.

(ई) मन आजारी पडले तर तो आजार आहे. प्रार्थना अवश्य करावी व डॉक्टरकडेही न्यावे. दोन्ही देवाचीच देणगी आहे.

(उ) परत येण्याची वाट मोकळी ठेवा. जो मध्येच परतला तो हरला, असे मंडळीत कोणी बोलू नये.

त्या बंधूच्या प्रश्नाचे उत्तर आज मी असे देईन : सोबत जाणे हेही पाचारण असू शकते, पण ते दुसऱ्याच्या पाचारणाला जोडून आपोआप येत नाही. ते ज्याचे त्याने देवाकडून घ्यावयाचे असते, आणि त्यासाठी त्याला वेळ व मोकळीक देणे हे आपले काम आहे. त्या संध्याकाळी आम्ही एकाच मस्तकावर हात ठेवले. दुसरे मस्तक शेजारीच होते. यापुढे अशा सभेत दोन खुर्च्या मांडाव्यात आणि दोघांची नावे घेऊन प्रार्थना करावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ती १२:१०-२० मध्ये साराय एकही शब्द बोलत नाही. तिला विचारले असते तर ती काय म्हणाली असती?
२. आपल्या मंडळीतून पती किंवा पत्नीबरोबर परदेशी गेलेल्या किती जणांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत? त्यांच्याशी शेवटचे बोलणे केव्हा झाले?
३. 'नाही' म्हणणाऱ्या सोबत्याला आपण मंडळीत कसे वागवतो?
४. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर निर्णय कोणी व कसा घेतला?