बंड्याचे खुबे आणि सारसोळेचा जिना

चि. निखिल यास,


बंड्याचा व्हिडिओ पाहिला. फरशीवर एक मागचा पाय बाजूला टाकून बसलाय, उठताना थोडा घसरतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवत येतो. खाली तुझा प्रश्न: याला हिप डिस्प्लेसिया असेल का? सात महिन्यांच्या लॅब्राडोरबद्दल असा प्रश्न पडणं वेडेपणाचं नाही. मात्र व्हिडिओ बघून ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून जरा लांब राहा. वाढत्या वयातली बरीच धडधाकट पिल्लं असंच फेंगडं बसतात. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकून सशासारख्या उड्या मारणं, बसल्यावर उठायला वेळ लावणं, जिन्यापाशी आल्यावर मागे सरणं, चालताना कंबर डावी-उजवीकडे झुलणं, ही लक्षणं जास्त बोलकी. तीही रोज दिसली तर.

हा आजार काय, ते आधी. खुब्याचा सांधा उखळीचा असतो: मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो. डिस्प्लेसियात ही बसकण सैल असते. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे बहुधा ठीकच असतात. पुढे अंगाचं वजन भराभर वाढतं, स्नायू मागे पडतात आणि माथा वाटीत थोडा थोडा सरकायला लागतो. मग वाटीची कड झिजते, वाटी उथळ राहते, आणि सांध्याला आधार द्यायला शरीर भलतीकडे जास्तीचं हाड घालू लागतं. पुढचा संधिवात तो हाच. बोस्टनचे पशुवैद्य जेरी श्नेल यांनी 1930च्या दशकात कुत्र्यांमधला हा दोष पहिल्यांदा नोंदवला. तो आनुवंशिक आहे, पण एकाच जनुकाचं हे काम नव्हे. त्यामुळे आई-बाप दोघे चांगले असूनही एखादं पिल्लू सैल खुब्यांचं निघतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या जातींत तो नेहमी आढळतो. बुटक्या पगमध्येही तो भरपूर असतो, हे ऐकून लोक चकित होतात. शिडशिडीत, पळणाऱ्या ग्रेहाउंडमध्ये मात्र क्वचितच. आजोबा म्हणतात, गावठीच पाळायचा होता. त्यांचं थोडं बरोबर आहे, थोडंच. मिश्र जातीच्या कुत्र्यालाही हा आजार होतो.

सैलपणा तपासायची एक पद्धत पशुवैद्यांनी चक्क लहान मुलांच्या डॉक्टरांकडून घेतली आहे. मारिनो ऑर्तोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ. बाळाचा पाय विशिष्ट तऱ्हेने फिरवला की निसटलेला माथा ‘टक्’ करून वाटीत परततो आणि तो हाताला जाणवतो, हे त्यांनी 1930च्या दशकात दाखवून दिलं. कुत्र्याला झोपेचं औषध देऊन हीच चाचणी करतात. (जाता जाता: बाळाला कडेवर घेताना त्याचे पाय आपसूक फाकतात आणि खुब्याचा माथा वाटीत नीट दाबून बसतो. ज्या समाजांत बाळं अशी कडेवर वाढतात तिथे खुबा निसटण्याचं प्रमाण कमी दिसतं, म्हणून डॉक्टर आज ही पद्धत चांगली म्हणतात. आपल्या आज्या हे कुणाला न विचारता करत होत्या.)

आता वेळेबद्दल, कारण या सगळ्या प्रकरणात खरी गोष्ट ती आहे.

रतन टाटांनी 2024 मध्ये एका मुलाखतीत स्वतःच्या कुत्र्याची हकिगत सांगितली होती. सांधा बदलण्यासाठी त्यांनी त्याला थेट अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात नेलं. पैसा होता, विमान होतं, जगातले नावाजलेले डॉक्टर होते. पण उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही. शेवटी तो एका स्थितीत गोठवून टाकावा लागला. मुंबईत मोठं प्राणी रुग्णालय हवं हे त्यांना का वाटत होतं, ते सांगताना ही गोष्ट निघाली होती. ते रुग्णालय 165 कोटी रुपये खर्चून, दोनशेहून अधिक खाटांचं, महालक्ष्मीला जुलै 2024 मध्ये सुरू झालं. ऑक्टोबरात टाटा गेले. तुला हळहळ वाटेल अशी एक गोष्ट: आधी ते कळंबोलीला व्हायचं ठरलं होतं, म्हणजे तुझ्या सारसोळेसारखंच नवी मुंबईत, महालक्ष्मीपेक्षा कितीतरी जवळ. मुंबईकरांना फार लांब पडेल म्हणून ते महालक्ष्मीला गेलं. नवी मुंबईकरांनी उलटं जावं, हे ओघानेच आलं.

तर बंड्याच्या हातात कोणत्या वेळा आहेत ते बघ. कमरेच्या हाडाच्या पुढच्या सांध्याची वाढ लवकर थांबवून वाटी माथ्यावर जास्त झुकवणारी एक छोटी शस्त्रक्रिया असते. ती साधारण वीस आठवड्यांच्या आत करावी लागते. ती वेळ गेली. दुसरीत कमरेचं हाड दोन ठिकाणी कापून वाटी फिरवून बसवतात. ती संधिवात सुरू व्हायच्या आधी, बहुधा दहा महिन्यांच्या आसपासपर्यंत करतात. ती वेळ अजून आहे. त्यानंतर उरतं ते औषध, व्यायाम, वजन. आणि फारच बिघडलं तर मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकणं किंवा पूर्ण सांधा बदलणं. माथा काढल्यावर स्नायूच एक कामचलाऊ सांधा तयार करतात. हलक्या अंगाच्या कुत्र्याला तो चांगला चालतो, जड कुत्र्याला तेवढा नाही. बंड्याला यातलं काही लागेलच असं नाही, बहुधा नाहीच लागणार. पण तपासणी या महिन्यात झाली तर एक रस्ता उघडा असताना होईल. ‘वर्षाचा झाला की बघू’ हे बोलणं एवढ्यासाठीच नको.

तपासणीसाठी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. वाशी पूल ओलांडून सकाळी लवकर निघालास तर हाल होणार नाहीत. नेरूळमधल्या नेहमीच्या डॉक्टरांनी बंड्याला बोटांनी तपासून ‘गरज आहे’ म्हटलं तरच जा. एक्स-रेबद्दल एक अट सोडू नकोस: कुत्र्याला झोपेचं औषध दिल्याशिवाय खुब्यांचा एक्स-रे काढू द्यायचा नाही. चार माणसांनी धरून, वाकडं-तिकडं पडलेल्या कुत्र्याचा फोटो काढला की खुबे चांगले असले तरी वाईट दिसतात आणि वाईट असले तरी चांगले. अमेरिकेत 1966 साली सुरू झालेली ओएफए ही संस्था खुब्यांना ‘उत्कृष्ट’पासून ‘तीव्र दोष’पर्यंत सात पायऱ्यांत मोजते आणि पक्कं प्रमाणपत्र दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देतच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी 1980च्या दशकात वेगळी पद्धत काढली. तिच्यात सोळा आठवड्यांच्या पिल्लाचाही सैलपणा शून्य ते एक या आकड्यात मोजता येतो, 0.3च्या खाली असला तर खुबे घट्ट.

आणि फोटो वाईट निघाला तरी घाबरून जाऊ नकोस. ज्यांचे एक्स-रे पाहून डॉक्टर मान हलवतात असे कितीतरी कुत्रे आयुष्यभर मजेत पळतात. उलट फोटोत फारसं काही नसताना एखादा लंगडतो. लंगडण्याची कारणंही दुसरी असू शकतात: वाढत्या वयात लांब हाडांत होणारी, आज या पायात तर उद्या त्या पायात दुखणारी सूज, किंवा गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं. इलाज कुत्र्यावर करायचा असतो, फोटोवर नव्हे.

आता जे फक्त तुझ्या हातात आहे त्याकडे येऊ, म्हणजे ताटाकडे. अमेरिकेत प्युरिना या प्राण्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी 1987 मध्ये 48 लॅब्राडोर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या 24 जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांत खुब्यांचा दोष खूप कमी दिसला. संधिवातावर औषध लागण्याची वेळ जास्त खाणाऱ्यांवर सरासरी 10.3व्या वर्षी आली, कमी खाणाऱ्यांवर 13.3व्या. भरपेट खाणारे निम्मे कुत्रे 11.2 वर्षांच्या आत गेले. दुसऱ्यांत तो आकडा 13.0 होता. रक्त एकच, जात एकच, फरक फक्त वाडग्याचा. खुब्यांच्या बाबतीत याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

तुमच्या घरात हा उपाय सगळ्यात अवघड जाणार. सकाळी आजी त्याला तुपाची पोळी भरवणार, दुपारी आई बिस्किटं, संध्याकाळी जेटीवरून कुणीतरी आणलेली मांदेली, आणि रात्री तू पुन्हा वाडगाभर. ‘बाळसेदार’ म्हणून कौतुक होतं ते वेगळंच. कौतुक करणाऱ्याला दुखावू नकोस, फक्त बंड्याच्या बरगड्यांवरून हात फिरव. हलक्या हाताने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, पण डोळ्यांना टोचू नयेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर वाडगा कमी. घरात सगळ्यांसमोर सकाळीच दिवसाचा हिस्सा मोजून एका डब्यात काढून ठेव. आजीला भरवायचं असेल तर त्याच डब्यातलं भरवू दे. भांडणाशिवाय वजन उतरवायचा मला माहीत असलेला हा एकच रस्ता आहे.

कॅल्शियमचं सिरप आजच बंद कर, म्हणजे डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेलं नसेल तर. मोठ्या जातीच्या पिल्लाला ‘हाडं मजबूत’ व्हावीत म्हणून ते देतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. हॉलंडमधल्या उट्रेख्टला हेरमान हाझेविंकेल यांनी 1980च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं. हाडांची वाढ बिघडली. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट नाकारता येत नाही, जेवढं जास्त दिलं तेवढं जास्त आत जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. आणि घरातल्या दुखण्यावरच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, चुकूनही देऊ नकोस. कुत्र्याच्या पोटात त्यांनी रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅकनं आपल्याकडे गिधाडं संपवली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे तू शाळेतच वाचलं असशील.

सारसोळेची दोन दुखणी आहेत, जिना आणि फरशी. गावठाणात घरं चार-चार मजली झाली, जिने उभे आणि अरुंद राहिले, लिफ्ट कुठून असणार? नॉर्वेत 2012 मध्ये पाचशेएक मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जी पिल्लं पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतर करत होती त्यांच्यात खुब्यांचा दोष जास्त आढळला, आणि ज्यांना मऊ, थोड्या खडबडीत जमिनीवर मोकळं हुंदडायला मिळालं त्यांच्यात कमी. बंड्याचे ते तीन महिने गेले, तेव्हा त्याला आता खांद्यावर घेऊन चढायची गरज नाही. सावकाश, पट्टा धरून, उड्या न मारता चढू दे. फरशीचं मात्र काहीतरी कर. व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागचे पाय फाकतात, आणि सैल खुब्याला हेच नको असतं. जुन्या सतरंज्या, रबरी मॅट, काहीही चालेल. त्याच्या उठण्या-बसण्याच्या जागी आणि वाडग्यासमोर तरी. नखं वाढू देऊ नकोस, तळपायाचे केस कापत जा.

फिरायला पाम बीच रोडच्या काँक्रीटवर तासभर दौडवू नकोस. जेटीकडच्या मातीच्या वाटेवर दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं चालणं चांगलं. पोहणं खुब्यांना उत्तम, पण खाडीत नको. चिखल, खारफुटी, भरतीची ओढ. चेंडू फेकून हवेत उड्या मारायला लावणं काही महिने बंद.

राहिली मेटिंगची गोष्ट. शेजाऱ्यांनी आत्ताच विचारलंय, ‘कधी देणार?’ दोन वर्षांचा होऊन खुब्यांचा नीट एक्स-रे झाल्याशिवाय ‘नाही’ म्हण. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, खुबे सांगत नाही. अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘सीइंग आय’ संस्थेनं खुबे पाहूनच जोड्या लावायचं ठरवलं. पाच पिढ्यांत जर्मन शेफर्डमधला दोष 55 टक्क्यांवरून 24वर आला, लॅब्राडोरमधला 30वरून 10वर. आणि नसबंदी करायची असेल तरी घाई नको. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात बेंजामिन हार्ट यांच्या 2014च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या लॅब्राडोरमध्ये सांध्यांचे आजार जवळजवळ दुप्पट दिसले. केव्हा करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरव.

डॉक्टरांकडे जाताना दोन व्हिडिओ घेऊन जा: मातीवर चालताना एक, झोपेतून उठताना एक. फरशीवरचा नको, तिथे सगळेच कुत्रे घसरतात. येत्या रविवारी बंड्याचं वजन करून कळव, बरगड्यांचंही सांग. आजीशी मी बोलते.

तुझी,
मावशी