इंद्रायणीला फेस का येतो, आणि आपला गट काय करू शकतो?



गेल्या महिन्यात चाकणजवळच्या नदीकाठच्या एका गावात बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले आणि एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पहाटे नदीवर नुसता पांढरा फेस होता. म्हशी पाण्याला तोंड लावीनात. तक्रार करायची म्हटलं तर आमचे मालक म्हणतात, मी कंपनीत कामाला आहे, तू गप बस."

सगळ्याजणी शांत झाल्या. कारण तिथे बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी कंपनीत आहे. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

आधी नदी समजून घेऊ

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. देहूवरून पुढे आली की तिच्या एका काठाला चिखली, मोशी ही शहरातली गावं आणि दुसऱ्या काठाला निघोजे, मोई, चिंबळी. पुढे आळंदी, आणि तुळापूरला ती भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला जाते. म्हणजे आपण इथे जे सोडतो, ते पुढे कुणाच्या तरी घागरीत जातं.

फेस कसा तयार होतो?

बादलीत वॉशिंग पावडर टाकून पाणी घुसळलं की फेस येतो ना? नदीतही तेच होतं. साबण, पावडर आणि काही रसायनं मिसळलेलं पाणी बंधाऱ्यावरून पडतं, त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. म्हणून आळंदीत बंधाऱ्याखाली तो जास्त दिसतो.

हे पाणी दोन्हीकडून येतं: प्रक्रिया न करता सोडलेलं घरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. नुसत्या फेसावरून ते कुणाचं, हे सांगता येत नाही. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग मासे मरतात. त्याच घाणीवर जलपर्णी खत घातल्यासारखी वाढते.

तक्रार केली तर नोकरी जाईल का?

ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण तक्रार म्हणजे "कंपनी बंद करा" असं नव्हे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुद्ध केलेलंच पाणी सोडता येतं. आपण एवढंच मागतो. शिवाय एकटीने सही करायची नाही. अर्ज ग्रामसंघाच्या नावाने द्यायचा आणि कुणावर आरोप न करता फक्त जे दिसलं ते लिहायचं.

गटाने करायची कामं

१. नदीची वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे. दर आठवड्याला दोघींची पाळी लावा. काठावरूनच बघा, पाण्यात हात घालू नका.

२. मोबाइलवर फोटो काढा. त्यात पूल, घाट अशी ओळखीची खूण दिसू द्या.

३. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ग्रामपंचायतीला कळवा. आपण बाटलीत भरलेलं पाणी पुरावा म्हणून सहसा धरत नाहीत. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. घाण पाणी वाहून जायच्या आत ते यायला हवेत. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

४. ग्रामसभेत गावाच्या सांडपाण्याचा विषय मांडा. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो.

५. आपल्या घरापासून सुरुवात करा. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. खाली मोठे दगड, वर लहान, मग वाळू. खड्डा विहिरीपासून लांब घ्या. संडासाचं पाणी त्यात नको.

त्या गावातल्या ताईंनी बैठकीतच शंभर पानी वही मागवली. पहिली पाळी त्यांनीच घेतली. म्हणाल्या, "लिहायला काय, मी नुसतं बघितलेलं लिहिते. त्याला मालक तरी काय म्हणणार?"

पुढच्या बैठकीत बोलूया

• आपल्या गावातली गटारं शेवटी कुठे जातात? चालत जाऊन बघितलंय का?
• आपल्या नदीच्या वहीची पहिली पाळी कोणाची?