रक्ताचा रिपोर्ट

विद्यार्थ्यांनो, घरी आपण ज्याला 'खून' म्हणतो, त्याला मराठीत 'रक्त' म्हणतात. मराठीत 'खून' म्हणजे कत्ल! दवाखान्यात 'माझा खून तपासा' असे म्हणालात, तर ऐकणारा घाबरेल.

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. 100 मिलिलिटर रक्तात ते प्रौढ स्त्रीला 12 आणि पुरुषाला 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पण हा एक आकडा सर्व काही सांगत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. वाकडी पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हातपाय असह्य दुखतात.

यासाठी आधी सोल्युबिलिटी ही साधी तपासणी करतात. नळीतील द्रवात थोडे रक्त मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात 'एस' हिमोग्लोबिन आहे असे समजतात. मात्र एवढ्यावरून कोणाला आजारी ठरवू नये. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी तपासणी लागते. तिच्या रिपोर्टवर 'एए' असेल, तर सिकलसेल नाही. 'एसएस' म्हणजे आजार. 'एएस' म्हणजे वाहक, आणि वाहक बहुधा ठणठणीत असतो. त्याच्याजवळ बसायला भिणे हे निव्वळ अज्ञान आहे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

मग वाहकाने रिपोर्ट जपून का ठेवायचा? नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे चार मुलांत एक आजारी असेलच, असे नाही. दोन नाणी एकदम उडवून पाहा. दोन्हींवर छापा पडण्याची शक्यता प्रत्येक वेळी तेवढीच असते. मागच्या वेळी काय पडले, हे नाण्यांना ठाऊक नसते. जोडीदार 'एए' असेल, तर मात्र मूल 'एसएस' होत नाही.

निकाह ठरवताना आपली वडीलधारी माणसे घरदार, शिक्षण, नोकरी सगळे विचारतात. रिपोर्ट विचारत नाहीत. पुढे मूल आजारी निघाले, की दोष सुनेच्या माथी येतो. खरे तर 'एसएस' मुलाला एक 'एस' आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेला असतो.

नागपुरात ही तपासणी मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत होते.