पुस्तक तेच, नकला वेगळ्या

बारावीचा तास संपला आणि एक कॅडेट फळ्याजवळ रेंगाळला. "सर, मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी माणसाची जनुके बदलतात का? घरी म्हणतात, त्या घेऊ नयेत, पुढच्या पिढीत उतरतात." कोणाच्या घरी, कोणासाठी, हे मी विचारले नाही. उत्तर मात्र पुढच्या तासाच्या घंटेआधी देण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो आहे. पालकांनीही वाचावे.

प्रश्न मला नवा नव्हता. माझे मामा सैन्यातून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी राहतात. त्यांना बायपोलर आजार आहे. कधी आठवडाभर झोप नाही, रात्री दोन वाजता कुदळ घेऊन विहीर खणायला निघत. तर कधी महिना महिना अंथरूण सोडत नसत. लिथियम सुरू झाले आणि दोन वर्षे उत्तम गेली. मग भावकीतल्या कोणीतरी सांगितले, या गोळ्यांनी रक्त बदलते. मामांनी परस्पर गोळ्या बंद केल्या. चौथ्या महिन्यात आजार परतला, तो आधीपेक्षा जोरात.

तर मूळ मुद्दा. शाळेच्या ऑफिसात स्टँडिंग ऑर्डर्सचे जाड पुस्तक असते. ते रोज कोणी वाचून दाखवत नाही. त्या दिवशी लागणारा भाग तेवढा नकलून नोटीस बोर्डावर लागतो आणि मेस, स्टोअर, हॉस्टेल त्याप्रमाणे चालतात. पेशीतला डीएनए म्हणजे ते पुस्तक. प्रथिने बनवणारी सुमारे 20,000 जनुके त्यात आहेत. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत पुस्तक एकच, पण बोर्डावर लागणारी पाने वेगळी. ही नक्कल म्हणजे आरएनए. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघतात आणि त्यांतून किती प्रथिन तयार होते, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. लिथियमसारखी औषधे पुस्तकातला मजकूर बदलत नाहीत. नकला कमी-जास्त करतात.

लिथियमची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी, कारण ती एका फौजी डॉक्टरची आहे. ऑस्ट्रेलियन सैन्यातले डॉ. जॉन केड 1942 मध्ये सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले आणि साडेतीन वर्षे चांगीच्या छावणीत युद्धकैदी होते. सुटून मायदेशी आल्यावर त्यांनी लिथियमचे क्षार आधी गिनीपिगना, मग स्वतःला आणि मग रुग्णांना देऊन पाहिले. 1949 मध्ये निष्कर्ष छापले. औषध लागू पडते एवढे कळले. ते पेशीत काय करते याचा एक मोठा धागा 1996 मध्ये हाती आला. लिथियम जीएसके-3 या एन्झाइमला आवरते. हे एन्झाइम एरवी बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाला नष्ट होण्याच्या वाटेला लावते. एन्झाइम आवरले की हे प्रथिन साठते, केंद्रकात शिरते आणि तिथे काही जनुकांच्या नकला वाढतात. गेटवर अडवलेला निरोप्या ऑफिसात पोचला, असे समजा. व्हॅल्प्रोएटची तऱ्हा निराळी. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो; व्हॅल्प्रोएटमुळे ही गुंडाळी सैल होते आणि मिटलेली पाने वाचता येतात.

हे माणसात तपासायचे कसे? जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. मृत्यूनंतर दान केलेला मेंदू मिळतो, पण तो माणूस बहुधा वर्षानुवर्षे गोळ्या घेत आलेला असतो. मग दिसलेला बदल आजाराचा की औषधाचा? यावरची एक वाट आपल्याच शहरात चालली गेली. होसूर रोडवरच्या निम्हान्समधल्या आणि जीकेव्हीकेच्या आवारातल्या एनसीबीएसमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या. एपस्टाइन-बार विषाणूच्या साहाय्याने त्या प्रयोगशाळेत वाढत राहतील अशा केल्या. मग एकाच माणसाच्या पेशी लिथियम घालून आणि न घालता, अशा दोन्ही प्रकारे तपासल्या. प्रॅक्टिकलला "सर, कंट्रोल कशाला?" म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायपोलर आजाराचे 25 रुग्ण होते, 16 जणांना लिथियम लागू पडलेले आणि 9 जणांना न पडलेले. तुलनेला 12 निरोगी माणसे. रुग्णांच्या पेशी जास्त प्रमाणात मरत होत्या. ज्यांना गोळी लागू पडली होती, त्यांच्या पेशी प्रयोगशाळेतही लिथियम घातल्यावर तगल्या. त्याच पेशींत बीसीएल2 या जनुकाची अभिव्यक्ती वाढली; पेशीला मरणापासून वाचवणारे प्रथिन हे जनुक बनवते. गोळीचा गुण माणसात दिसला, तसा त्याच्या रक्ताच्या थेंबातही दिसला! पण रक्ताची पेशी म्हणजे मेंदूची पेशी नव्हे. म्हणून नात्यातल्या दोन रुग्णांच्या पेशींपासून मज्जापेशींच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशीही बनवून पाहिल्या. एक दोष दोन्हीकडे सापडला, पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचा विद्युतदाब कमी असण्याचा. लिथियमने तो रक्ताच्या पेशींत सुधारला, मज्जापेशींच्या पूर्वजांत नाही. असे निकाल पाहिले की घाईने बोलू नये हे पटते.

आता त्या कॅडेटला उत्तर. गोळीमुळे बोर्डावरच्या नकला बदलतात, पुस्तक नाही. मुलांना पुस्तक मिळते, बोर्डावरचे कागद नाहीत. आजाराचा कल मात्र घराण्यात असू शकतो, गोळी घेतली काय किंवा न घेतली काय. गर्भारपणाचा प्रश्न वेगळा आहे. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो, तेव्हा त्या बाबतीत डॉक्टरांशी आधीच बोलावे. आणि गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात, त्याचे एक कारण या नकलाच मानल्या जातात. नवी प्रथिने एका रात्रीत साठत नाहीत.

लिथियम सांभाळून घ्यायचे औषध आहे, हेही खरे. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, ती 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भीती. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायले तरी पातळी चढते. मामांना हे आता पाठ आहे. शेतात जाताना पाण्याची बाटली आधी, टोपी नंतर.

मागच्या सुट्टीत त्यांना मी हा बंगळुरूचा प्रयोग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग मी सोळातला की नवातला?"

"सोळातले, मामा. दोन वर्षं आम्ही बघत होतो की."