वर्ष झालं, आता दूध कुठलं?

बाळाचा पहिला वाढदिवस उरकला, की तुला जो तो दुधाबद्दल काहीतरी सांगणार. शेजारीण म्हणेल म्हशीचं जड जातं, नणंद म्हणेल डब्याचंच चालू ठेव, सासरे म्हणतील गावाकडून देशी गाईचं मागवू. माझ्या सासूबाईंनीही मला पुष्कळ सांगितलं होतं. त्यातलं काही पुढे डॉक्टरांच्या सांगण्याशी तंतोतंत जुळलं, काही साफ चुकीचं निघालं. जुळलेलं तुझ्या पदरात घालते. चुकीचंही सांगते, म्हणजे कुणी आग्रह केला तर तुला नाही म्हणता येईल.

अंगावरचं तोडायची घाई नको. वर्ष झालं म्हणून अंगावरचं दूध बंद करावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते. सासूबाईही तेच म्हणायच्या. तुला येतंय आणि बाळाला हवंय, तोवर चालू दे. वरचं दूध मग थोडं कमी गेलं तरी बिघडत नाही, वाटीभर दही खाल्लं तरी चालतं.

डब्याची पायरी चढत बसू नकोस. डब्यांवर एक, दोन, तीन, चार असे टप्पे असतात. पहिल्या वर्षात आईचं दूध नसेल किंवा पुरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून डबा द्यावाच लागतो. तेव्हा मात्र मापात काटकसर नको. पाणी आधी, पावडर नंतर. चमचा त्याच डब्यातला आणि सपाट भरलेला. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर कालवायची. डबा बंद असला तरी आतली पावडर जंतुविरहित नसते. दूध कोमट करूनच पाजायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. वर्षानंतर, मूल नीट जेवत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या टप्प्याची गरज उरत नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही वर्षापुढच्या मुलांना असं दूध देण्याची शिफारस नाही, असं स्पष्ट सांगितलं. हातातला डबा संपव आणि रोज एकेक वेळ साध्या दुधावर आण. अपुऱ्या दिवसांचं किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं बाळ असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नकोस.

पिशवीचा रंग पाहू नकोस, अक्षरं वाच. रंग प्रत्येक डेअरीचे वेगळे असतात. फुल क्रीममध्ये स्निग्धांश ६ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. गाईचं दूध साधारण साडेतीन-चारच्या आसपास असतं. दोन वर्षांपर्यंत मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्याला स्निग्ध पदार्थ लागतात. म्हणून डबल टोन्ड आणि स्किम्ड या वयाला नको. ते तुझ्या नवऱ्याच्या चहाला ठेव. गाय की म्हैस यावर भांडू नका. जे घरात येतं आणि बाळाला मानवतं, ते द्या. म्हशीचं जड वाटलं तर तापवून वरची साय काढ. बदामाच्या पाण्याला दूध समजून देऊ नकोस, आणि चहाची दूधपावडर तर अजिबात नको.

पाणी घालायचं नाही. पाणी घालून पातळ करायचा जुना सल्ला सोडून द्यायचा. निम्मं पाणी घातलं की पोट भरतं, पण अंगी निम्मंच लागतं. वर्षाच्या आत तर गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊच नये, पाणी घालून नाही आणि न घालताही नाही.

दिवसाला अर्ध्या लिटरची एक पिशवी, त्याहून जास्त नको. दूध जास्त झालं की पोर जेवत नाही. दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जवळजवळ नाहीच, आणि दुसऱ्या अन्नातलं लोहही ते नीट शोषू देत नाही. गोरंगोमटं, गुबगुबीत पोर आतून पांढरंफटक असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणून आधी जेवण, मग दूध. वरणभातावर लिंबू पिळ, त्याने लोह अंगी लागतं. अंडं दे, पालेभाजी दे, नाचणीची खीर दे. चहा-बिस्किट मात्र नको, चहानेही लोह अडतं.

गोडाची सवय लावू नकोस. दोन वर्षांपर्यंत दुधात साखर नको, गूळही नको. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. गोड डब्यातूनही येतं. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूधपावडरीची जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून दोन वर्षांनंतरच्या पावडरींच्या जाहिराती तुझ्यासमोर येत राहतील. उंची वाढते, बुद्धी वाढते, असं सगळं ऐकशील. पाठीमागची बारीक अक्षरं वाच, साखर किती आहे ते बघ आणि डबा दुकानातच ठेव.

दूध स्टीलच्या भांड्यात तापव. सासूबाई कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध तापवू देत नसत. कारण विचारलं तर म्हणायच्या, कळकतं. पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा अभ्यास केला. पितळ-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातून पोटात जाणाऱ्या तांब्याशी त्या आजाराचा संबंध दिसला. भांडी बदलली, तसा आजारही दिसेनासा झाला. आता पितळ-तांबं पुन्हा फॅशनमध्ये आलंय. शोकेसमध्ये मांडून ठेव, बाळाचं दूध त्यात नको. रतीबाचं दूध नीट उकळ, निवलं की लगेच फ्रीजमध्ये ठेव.

बाटली सोडव. पूर्वी बोंडलं आणि वाटी-चमचा असे. दोन्ही उघडी भांडी, घासली की लख्ख. बाटलीच्या बोंडात मात्र दूध अडकून राहतं. वर्षानंतर हळूहळू पेल्यावर आण. सांडेल, सांडू दे. तोंडात बाटली धरून झोपवलंस तर पुढचे दात किडतात.

कधी थांबायचं. दुधानंतर अंगावर गांध्या, वारंवार उलटी, शीमधून रक्त, असं काही दिसलं तर घरचे उपाय करत बसू नकोस, थेट डॉक्टरांकडे जा. साध्या जुलाबात दही-ताक बहुधा मानवतं, पण बाळ मलूल झालं किंवा लघवी कमी झाली तर वाट पाहू नकोस.

आणि कुठलंही दूध निवडलंस तरी दर महिन्याला अंगणवाडीत वजन-उंची करून घे, कार्डावर नोंदव. रेषा वर चढतेय, पोर खेळतंय, जेवणाला तोंड उघडतंय, तर तुझं दूध बरोबर आहे. नणंदेला तेच कार्ड दाखव.